सुतळीचा चौकोन

कसबा पेठ, पुणे
१८ ऑगस्ट १९६९

प्रिय सोजर,

तुझी जवसाची चटणी अब्बांनी दोन जेवणांत संपवली आणि "मांजरीला सोजरकडे पुन्हा कधी जाणार?" असं मला विचारलं. अगदी माझ्या अभ्यासाच्या काळजीने विचारल्यासारखं. आयुष्यभर अत्तरं आणि जडीबुटी विकलेल्या माणसाच्या नाकाला चटणीचा वास एवढा का भुलवतो, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

तुझ्या ह्यांना, म्हणजे बजरंगभाऊंना, माझे आभार सांग. तुमच्या पडीक तुकड्यात खुंट्या ठोकून त्यांनी सुतळीचा चौकोन आखून दिला, वर गुरं शिरू नयेत म्हणून बाभळीच्या फांद्या लावल्या. मी घामाघूम झाले तेव्हा स्वतःचा टॉवेलही दिला तोंड पुसायला. शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हा तू माझ्या भूगोलाच्या वहीत फुलं काढायचीस. आता मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि तुझ्याच शेतात फुलं मोजायला येते. नशिबाला गंमत कळते म्हणायची.

तुझ्या सासूबाईंना, आपल्या आत्याबाईंना, पुन्हा एकदा समजावून सांग की मला काय पाहायचं आहे. पुण्याच्या पूर्वेकडच्या माळांवर कुसळी, पवन्या, कुर्डू, विष्णुक्रांता ही आपली मूळची मंडळी. त्यांत ते गाजरासारख्या पानांचं, तांदळाच्या कण्यांएवढ्या पांढऱ्या फुलांचं परकं गवत घुसलं आहे. परदेशी गव्हाबरोबर आलं असं लोक म्हणतात. दोन वर्षांत कोण टिकतं आणि कोण हटतं, ते मला बघायचं आहे. म्हणून माझी एकच अट: त्या तुकड्यात खुरपं चालवायचं नाही. चौकोनातलं एक पातंही उपटायचं नाही. फक्त कडेची फुललेली फांदी कापून, वर्तमानपत्रात दाबून, भाऊंनी दुधाच्या गाडीबरोबर माझ्याकडे पाठवायची.

आत्याबाई "रान माजवायला लावती बया" म्हणतीलच. म्हणू देत.

तुझी,
कमर


मांजरी
२० ऑक्टोबर १९६९

प्रिय कमर,

तुझं गवत मजेत आहे. कमरेला लागलं. आम्ही मात्र मजेत नाही.

गणपतीनंतर ह्यांच्या मानेला खाज सुटली. घामोळं असेल म्हणून मी मुलतानी माती लावली. मग कोपराच्या लवणीत आलं, पापण्यांवर आलं. आता कपाळाची कातडी जाड झालीय, काळवंडलीय, कानाच्या पाळ्या सुजल्यात. परवा बाजारात एकाने ह्यांच्याकडे बघितलं आणि पैसे हातात न देता फरशीवर ठेवले. हे घरी आले ते थेट गोठ्यात जाऊन बसले.

कमर, गाव ज्या रोगाचं नाव घेतंय ते मी या कागदावर लिहिणार नाही. लिहिलं तर खरं होईल असं वाटतं.

सासूबाईंनी ह्यांचं ताट वेगळं केलं. आणि तुला सांगू की नको असं झालंय, पण सांगते. तू पहिल्यांदा आमच्याकडे आलीस तेव्हा त्यांनी तुझ्यासाठी म्हणून एक निळ्या काठाची कपबशी कोनाड्यात ठेवली होती, ती तुला आठवत असेल. तू तेव्हा हसून घेतलंस, मी मात्र मेल्याहून मेल्यासारखी झाले होते. तीच कपबशी आता त्यांनी पोटच्या पोराला दिलीय.

थोरले भावजी, सर्जेराव, यांच्या मुलीचं वैशाखात लग्न ठरतंय. ते रोज ह्यांच्याकडे बघतात आणि रोज थोडे लांब बसतात. मला फार भीती वाटते गं. तू एकदा येऊन जा. तू शिकलेली आहेस, तुझं ऐकतील. अब्बांकडून काही लेप असला तर आण.

सोजर


कसबा पेठ
१ नोव्हेंबर १९६९

प्रिय सोजर,

पत्र मिळालं. अब्बांनी दिलेला लेप सोबत पाठवते आहे. सकाळ-संध्याकाळ लावावा.

मला सध्या येता येणार नाही. परीक्षांचे पेपर आहेत, मग दिवाळीची सुट्टी आणि रोजे, त्यासाठी मिरजेला मावशीकडे जाते आहे. राहीन थोडे दिवस.

बजरंगभाऊंना मोकळ्या हवेत, उन्हात ठेवणं चांगलं. घरातल्या गर्दीपेक्षा शेतावर बरं वाटेल. आणि तूर्त त्यांनी माझ्यासाठी रोपं पाठवू नयेत. आधीचीच बरीच पडली आहेत.

काळजी घे. तुझीही.

कमर


मांजरी
२२ डिसेंबर १९६९

कमर,

तुझं ऐकलं. तू सांगितलंस म्हटल्यावर थोरल्या भावजींना आयतंच फावलं. "शिकल्याली बाई म्हणती शेतावर ठिवा, आता तर झालं?" असं म्हणून त्यांनी तुझ्या चौकोनाशेजारी खोपी घालून दिली. कुडाला पाचट कमी पडलं तर तेच वाळकं गवत कापून बांधलं. दीड महिना हे तिथेच आहेत. मी भाकरी नेते, बांधावर ठेवते, आणि सासूबाई लांबून बघत असतात की मी किती जवळ जाते.

मोकळ्या हवेने काय झालं ते ऐक. एक डोळा उघडत नाही. चेहरा इतका सुजलाय की काल मी क्षणभर ओळखलं नाही, आणि मी ओळखलं नाही हे त्यांना कळलं. रात्रंदिवस खाजवतात. "सोजे, मला तिकडं सोडून ये, तू तरी सुटशील," म्हणाले.

तिकडं म्हणजे त्या रोग्यांच्या आश्रमात. संक्रांत झाली की सर्जेराव भावजी नेऊन सोडणार आहेत. एकदा तिथून आला म्हटल्यावर माणसाला गावात परत कोण घेतं? आणि मला तरी कोण राहू देईल?

सासूबाईंना विचारलं, तुमच्या पोटचं पोर ना हे? तर म्हणाल्या, "मला काय हौस हाय व्हय गं? नातीचं लगीन मोडलं तर ती काय हिरीत जीव दील?" आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. त्यांना तरी काय म्हणू?

पण तुला म्हणते. ऑगस्टात ह्यांच्या टॉवेलाने तोंड पुसलंस. नोव्हेंबरात त्यांच्या हातची रोपंसुद्धा नकोशी झाली. भिण्याचा गावाला हक्क आहे, ते अडाणी आहे. तू गं?

सोजर


कसबा पेठ
५ जानेवारी १९७०

सोजर,

हे पत्र वाचून होताच उठ, शेतावर जा आणि बजरंगभाऊंना खोपीतून घरात आण. कारण मागाहून वाच. कोणी अडवलं तर मी सांगितलं म्हणून सांग. रविवारी सकाळी मी येते आहे, सोबत त्वचारोगाचे डॉक्टर दीनानाथ आहेत.

आता वाच. तू म्हणालीस ते खरं आहे, मी भ्याले होते. ऑक्टोबरात माझ्याही पापण्या सुजल्या. मग मान, मग कोपरं. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी आरशासमोर बसले होते आणि मला तो टॉवेल आठवत होता. अब्बांना कळू नये म्हणून लांब बाह्यांची पोलकी शिवली. नवा फॅशनचा नाद लागला म्हणून ते चेष्टा करत होते आणि मी हसत होते. बिनलग्नाची बाई, त्यात हा रोग. मला कुठे ठेवतील, हेच डोक्यात फिरत होतं.

मिरजेला गेले तर महिनाभरात सगळं उतरलं. मला वाटलं, रोज्यांनी रक्त शुद्ध झालं. अल्लाचे आभार मानले. ईदेनंतर पुण्याला आले आणि भाऊंनी पाठवलेली वर्तमानपत्रांची चळत उघडली. वाळलेल्या फुलांची भुकटी नाकातोंडात गेली. दुसऱ्या दिवशी पापण्या पुन्हा मिटल्या.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. डाव्या दंडावर गाजरगवताचं ओलं पान फडक्याने बांधलं, उजव्यावर कुर्डूचं. कुर्डूखालची कातडी जशीच्या तशी राहिली. गवताखाली फोड आले, टरटरून. आज डॉक्टरांना दाखवून आले.

हा तो रोग नाही, सोजर. हे गवत आहे. एकाचं दुसऱ्याला होत नाही. (आणि डॉक्टर म्हणाले, तो रोग असता तरी त्यावर औषध आहे, त्यासाठी माणूस फेकून देत नाहीत.) ज्याला सोसत नाही त्याला या गवताची धूळसुद्धा पुरते. आणि भाऊंना मी दोन महिने त्याच गवतात झोपवलं. खुरपं लावू नका म्हणून तेही मीच सांगितलं होतं.

सर्जेरावांना रविवारपर्यंत थांबव. काहीही करून.

कमर


मांजरी
२० फेब्रुवारी १९७०

प्रिय कमर,

त्या रविवारची गोष्ट गावात अजून सांगतात. दीनानाथ डॉक्टरांनी ह्यांचे डोळे मिटायला लावून आधी पीस फिरवून, मग टाचणीने टोचून बघितलं. तो रोग असेल तर जाणीव जाते म्हणाले. हे "आई गं!" करून ओरडले, तर सासूबाई अंगणात फतकल मारून बसल्या आणि रडत-हसत म्हणाल्या, "टोचा, आजून टोचा!" माणूस कळवळल्यावर घरादाराने आनंद केलेला मी पहिल्यांदाच बघितला.

आणि तू ह्यांचा उष्टा चहा निळ्या काठाच्या कपातून सगळ्यांदेखत प्यायलीस, तेव्हापासून तो कप कोनाड्यात गेला नाही. सगळ्या कपांत मिसळलाय. कधीकधी सासूबाईच त्यातून पितात.

इथवर चांगलं. आता बाकीचं.

आतल्या खोलीत हे आठ दिवसांत ओळखू येऊ लागले. बरं वाटल्यावर मळ्यात गेले आणि तोंड सुजवून आले. मग थोरल्या भावजींनी गडी लावून तुझा चौकोन, पडीक तुकडा, सगळं उपटलं आणि पेटवलं. धूर घरात शिरला. ह्यांचा श्वास असा अडकला की मला वाटलं, गेले. आता दारं लावून घेतो, खिडकीला गोणपाट लावतो. तरी वारा पश्चिमेचा असला की खाज सुटते. आमचं उपटलं, पण शेजाऱ्याचं आहे, कालव्याच्या कडेला आहे, स्टेशनच्या रस्त्याला आहे. शेतकरी माणूस शेताकडे पाठ करून भिंतीकडे बघत बसतो. काल म्हणाले, "त्यो रोग परवडला आसता. गावानं बाहीर काढलं आसतं. रानानं घरात कोंडलंय."

कमर, मला त्यांच्याजवळचा विळासुद्धा लपवून ठेवावा लागतो. समजून घे.

तू रानोमाळ फिरून गवतं मोजतेस. मला एकच सांग: हे गवत कुठे नाही? तिथे आम्ही जाऊ. कात्रजच्या घाटापलीकडे माझ्या मामाची वाडी आहे, त्याला मूलबाळ नाही, जमीन पडून आहे. तिथे आहे का ते बघून ये.

सोजर


कसबा पेठ
१२ एप्रिल १९७०

प्रिय सोजर,

बघून आले. एकदा नाही, दोनदा. पुण्यातून निघाले तेव्हा नाकाला ओढणी बांधून रस्त्याची कड बघत होते. कंडक्टरला वाटलं असावं, बाईचं काही हरवलंय. कात्रजच्या तळ्यापर्यंत आहे. घाटाच्या पायथ्याला तुरळक आहे. घाट उतरल्यावर शोधूनही सापडलं नाही.

तुझ्या मामांच्या वाडीचा बांधन् बांध तुडवला. उन्हाळ्यात हे गवत वाळलं तरी काटक्या उभ्या राहतात, त्या मला लांबूनही कळतात. तशी एकही काटकी नाही. कुसळी आहे, कुडा आहे, करवंदांना फुलं आली आहेत. संध्याकाळी मी बाह्या वर करून गवतात बसले. दुसऱ्या दिवशी कातडी स्वच्छ. एवढी मोठी परीक्षा मी कॉलेजातही पास झाले नव्हते.

मामा म्हणाले, "येऊ दे की पोरगी. दोन दाणं जास्त पिकतील."

या, सोजर. निर्धास्त या.

कमर


मांजरी
२२ मे १९७०

प्रिय कमर,

सोमवारी निघतो. पुतणीचं लग्न झालं, नीट झालं. ह्यांनी अक्षता आतल्या खोलीतूनच टाकल्या.

सामान थोडंच आहे. दोन ट्रंका, भांडी, नांगराचा फाळ आणि माझी तुळस. सासूबाई येणार नाहीत. "ह्या वयात घाट नगं." पण परवापासून त्यांचा डोळा काही कोरडा नाही. आपणच पोराला आधी बाहेर काढलं, हे त्यांच्या मनातून जात नाही. काल स्वतः पडीक तुकड्यात जाऊन पाटीभर माती भरून आणली. "नव्या दारात आपली माती लागती. तुळशीला घाल, म्हंजी माझं पोर तितं रुजंल." मी पाया पडले. दोघी पुष्कळ रडलो.

हे पहिल्यांदाच स्वतःहून म्हणाले की भूक लागलीय.

सोजर


कसबा पेठ
३ जून १९७०

प्रिय सोजर,

तुझं पत्र अब्बांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते डोळे पुसत "म्हातारीचं मन मोठं" म्हणाले आणि कांदा चिरल्याचा बहाणा केला. जवळपास कांदा नव्हता.

आत्याबाईंना माझा आदाब कळव आणि सांग की त्यांच्या मातीत काहीही रुजतं, बजरंगभाऊही रुजतील. मी आता नवा चौकोन कुठे आखायचा ते शोधते आहे. हातमोजे घालून फुलं दाबते, विद्यार्थिनी हसतात.

दिवाळीला येईन.

कमर


मामाची वाडी
२६ जुलै १९७०

प्रिय कमर,

आधी चांगलं लिहिते. ह्यांचा चेहरा पहिल्यासारखा झालाय. कानाच्या पाळ्या उतरल्या. पेरणी ह्यांनीच केली. परवा भात लावताना ओव्या म्हणत होते. गळा भसाडा, पण मी थांबवलं नाही. डोंगर हिरवागार आहे. तेरडा फुलेल म्हणतात महिन्याभरात. विळा आता खुंटीला उघडा लटकतो.

मामांनी अंगणात तुळशीला ओटा करून दिला. सासूबाईंची माती त्यातच घातली. रोज सकाळी मी पाणी घालते आणि हे तिथेच बसून दात घासतात.

आज पाणी घालताना तुळशीच्या बुडाशी तीन-चार रोपं दिसली. जमिनीला चिकटून, गोल, पानं कातरलेली. मी विळ्याने एक काढलं, हात लावला नाही, कागदात घालून या पाकिटात पाठवते आहे. झेंडूचं असेल. गाजराचं असेल, मामी गाजरं लावते कधी. हे विचारत होते काय गं बघतेस, तर मी म्हटलं, मुंग्या.

कमर, दुसरं काहीतरी आहे म्हणून कळव. कोणतंही नाव लिही.

तुझी,
सोजर


कसबा पेठ
३० जुलै १९७०

सोजर,

पाकीट उघडलं. दुसरं नाव मी लिहू शकत नाही. तेच आहे.

त्या मातीत बी असणार हे तुझ्या पत्रातच लिहिलेलं होतं. तू लिहिलंस, मी वाचलं, अब्बांना वाचून दाखवलं आणि म्हातारीच्या मायेवर आम्ही दोघं रडलो. गवत कसं पसरतं हे मी मुलींना शिकवते.

बजरंगभाऊंना परसदारी बसव, काहीही निमित्त सांग. हाताला फडकं गुंडाळून रोपं मुळासकट काढ आणि जाळू नकोस. खोल खड्डा करून पूर. ओट्यातली माती तशीच राहू दे, हलवलीस तर सांडेल. पावसाने खाली काही वाहून गेलंय का ते रोज बघ. आत्याबाईंना यातलं काही कधीही कळवायचं नाही.

रोप अजून पानांवर आहे, फुलाला वेळ आहे. एका झाडाला किती हजार बिया धरतात ते मी मोजलेलं आहे, म्हणून सांगते, एकही फुलू देऊ नकोस. तू विचारशील, आता पुढे कुठे जायचं? पुढे जायचं नाही, सोजर. आपण जिथे जाऊ तिथे ते आपल्याच पाटीतून येईल.

रजा टाकली आहे. रविवारच्या पहिल्या गाडीने निघते आणि सगळा पावसाळा तिथे राहते. माझं अंग फुगेल, फुगू दे. सुतळी आणि खुंट्या सोबत आणते. तुळशीभोवती चौकोन आखू. आणि या वेळी त्यात उगवेल ते प्रत्येक पातं उपटायचं.

कमर